आधी मोजू, मग बोलू

किल्ली फिरवली की समोरचे छोटे दिवे लागतात, बोनेटखालून 'टक' असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. दारात गाडी असलेल्या प्रत्येक घराला हा अनुभव कधी ना कधी येतो. मग चार माणसे जमतात आणि चार निकाल लागतात. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो सेल्फ गेला, कोणी म्हणतो पेट्रोलमध्ये कचरा आला, आणि एखादी म्हातारी हळूच म्हणते, नजर लागली. गाडी मात्र आपली हकीकत त्या आवाजातच सांगत असते. ती ऐकून घ्यायला कोणाला सवड नसते, एवढेच.

आमच्या दापोली तालुक्यात खाडीकाठच्या गावांत अशी घरे पुष्कळ आहेत, जिथे कर्ते पुरुष आखातात नोकरीला आणि दारातली गाडी घरातल्या बायकांच्या हाती. आमचे घर त्यांतलेच. आम्ही दोघी जावा, अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई, आमची नणंद आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा. नणंदेचे मियाँ वारले तेव्हापासून ती दोघे आमच्यातच आहेत. अम्मींचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते. केंद्र सव्वा तासाच्या अंतरावर आहे आणि आपली वेळ सकाळी आठची. ती चुकली तर मशीन पुढच्या रुग्णाला दिली जाते, आणि ते योग्यच आहे. एसटीची वेळ जुळत नाही. त्यामुळे गाडी आमच्याकडे हौसेची वस्तू नाही. 'टक' ऐकून कपाळाला हात लावून बसणे परवडत नाही, म्हणून आम्ही दोघींनी हा विषय समजून घेतला. जे समजले ते आमच्यासारख्या घरांतल्या भगिनींसाठी इथे मांडत आहोत.

आधी हे पाहू, की किल्ली फिरवल्यावर होते काय. इंजिन स्वतःहून सुरू होत नाही, त्याला सुरुवातीला कोणीतरी फिरवावे लागते. पूर्वी हे काम माणूस करायचा. जुन्या गाड्यांच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे. उलटा झटका बसला तर मनगट मोडायचे. १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. हँडल मारायला लागणारी ताकद ज्यांच्या अंगात नव्हती त्यांनाही त्यानंतर एकट्याने गाडी सुरू करता येऊ लागली. आपल्याकडे मेकॅनिक त्यालाच 'सेल्फ' म्हणतात.

हा सेल्फ म्हणजे एक छोटी पण जोरकस मोटर. तिला सुरुवातीच्या दोन-चार सेकंदांत प्रचंड वीज लागते. गाडीचे समोरचे दोन मोठे दिवे मिळून सुमारे दहा अँपिअर घेतात, तर लहान पेट्रोल गाडीचा सेल्फही शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. एवढी वीज किल्लीच्या बारीक तारेतून पाठवली तर तार जळून जाईल. म्हणून मध्ये सोलेनॉइड नावाचा एक मोठा स्विच असतो. किल्ली फिरली की सोलेनॉइडला थोडी वीज मिळते, त्यातला लोखंडी दांडा झटक्याने ओढला जातो, तो एकीकडे सेल्फचे दातेरी चाक इंजिनच्या चाकात अडकवतो आणि दुसरीकडे तांब्याचे दोन जाड भाग एकमेकांना जोडतो. मग बॅटरीची पूर्ण वीज मोटरकडे धावते आणि इंजिन फिरते.

'टक' आवाज त्या दांड्याचा. म्हणजे आवाज आला याचा अर्थ किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतचा रस्ता बहुतेक ठीक आहे. घोटाळा त्याच्या पुढे, नाहीतर बॅटरीच्या बाजूला आहे. अर्धा शोध तिथेच संपतो. पेट्रोल, प्लग, फिल्टर यांचा इथे संबंध नाही. त्यांची पाळी इंजिन फिरू लागल्यावर येते.

आवाजाचेही तीन प्रकार आहेत. पहिला, आवाजच नाही. तेव्हा किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज पाहावे लागते. काही गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय आणि ऑटोमॅटिक गाड्या गिअर 'पी' किंवा 'एन'वर असल्याशिवाय सेल्फ मारू देत नाहीत, तेही पाहावे. बॅटरी अगदीच मेली असेल तरीही आवाज येत नाही, पण तेव्हा दिवेही लागत नाहीत. दुसरा प्रकार, 'टकटकटकटक' अशी माळ. यात सोलेनॉइड ओढला जातो, मोटर वीज मागते, तेवढी वीज मिळत नाही म्हणून दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, सुटल्याबरोबर दाब पुन्हा वर येतो आणि तो पुन्हा ओढला जातो. हे सेकंदात कित्येकदा घडते. बहुतेक वेळा याचा अर्थ बॅटरी उतरली असा असतो. तिसरा प्रकार, एकच ठसठशीत 'टक' आणि मग शांतता. तेव्हा संशय सेल्फवर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जाड वायरींवर जातो.

आम्ही वर 'बहुतेक वेळा' असे लिहिले आहे. त्या दोन शब्दांचे मोल आम्हाला एका ऑक्टोबरात कळले.

पावसाळा नुकताच संपला होता. अम्मींच्या डायलिसिसचा दिवस, सकाळचे साडेसहा. डबा भरला, फाइल घेतली, अम्मींना मागच्या सीटवर उशी लावून बसवले आणि किल्ली फिरवली. टकटकटकटक. आतला दिवा छान लागलेला होता, किल्ली फिरवली की तो मिणमिणा होऊन जवळजवळ विझायचा आणि सोडली की पुन्हा लख्ख. शेजारचे चाचा फजर पढून परतत होते, ते थांबले. त्यांनी आवाज ऐकला आणि सांगून टाकले, "बॅटरी उतरली." मग आमच्या भाच्याकडे पाहून म्हणाले, "काल अस्रनंतर हा गाडीत बसून रेडिओ ऐकत होता ना?"

तो बसला होता हे खरे. त्याला गाडीत बसायला आवडते. त्याचे अब्बा ड्रायव्हर होते. आम्ही त्याला परवानगी दिलेली होती.

कतारला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. फोनवरही तेच ऐकू आले, "पोरानंच उतरवली असणार. त्याच्या हातात चावी कशाला देता?" फोन स्पीकरवर होता. मुलगा अंगणातल्या फणसाखाली उभा होता आणि त्याने सगळे ऐकले. नणंद दारातून म्हणाली, "भाभी, उद्यापासून तो गाडीला हात लावणार नाही." तिने आवाज चढवला नव्हता. आश्रयाला राहणारी माणसे जसे आपल्या मुलाला मागे ओढून घेतात तसे ते बोलणे होते. ते आम्हाला गाडी बंद पडण्यापेक्षा जास्त लागले.

आता पाहा, चाचांचे म्हणणे निराधार नव्हते. आवाज उतरलेल्या बॅटरीचाच होता. रेडिओ लागला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्या दोघींना जोडणारा दुवा कोणी पाहिला नव्हता, तो गृहीत धरला होता. सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खातरजमा करण्याची आणि फार गुमान करण्यापासून दूर राहण्याची ताकीद आहे, हे आपण सगळे जाणतो. यतिमाच्या बाबतीत तर दीनने आपल्याला किती सावध केले आहे. आपण ही शिकवण मोठ्या भांडणांसाठी राखून ठेवतो. तिची खरी गरज अंगणातल्या अशा छोट्या गोष्टींत असते, कारण मुलाच्या मनावर शिक्का इथेच बसतो.

आम्ही म्हटले, "आधी मोजू."

घरात मल्टिमीटर होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा आम्ही इन्व्हर्टर घेतला आणि त्याच्या बॅटरीवर नजर ठेवायला हा मीटर आणला होता. लाल टोक बॅटरीच्या अधिक खुंटावर, काळे टोक उणे खुंटावर, आणि चकती २० व्होल्ट डीसीवर. आकडा वाचायला आम्ही भाच्यालाच बोलावले. तो आला, वाकला आणि म्हणाला, "बारा पॉइंट सहा, मामी."

गाडीची बॅटरी शिशाची आणि गंधकाम्लाची असते. हा शोध फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांचा, १८५९ सालचा. आत सहा कप्पे, प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टहून थोडा जास्त. गाडी रात्रभर उभी असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर मीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली तर ती रिकामी होत आलेली समजावी. रेडिओने बॅटरी उतरली असती तर आकडा अकराच्या घरात किंवा बाराच्या जवळपास आला असता. १२.६ ही भरलेल्या बॅटरीची गवाही होती.

तरी एक शंका उरते. बॅटरी जुनी असेल तर रिकाम्या वेळी आकडा चांगला दाखवते आणि भार आला की कोसळते. म्हणून आमच्यातल्या एकीने किल्ली फिरवली आणि दुसरीने मीटर धरला. खुंटांवर आकडा साडेबाराच्या जवळच राहिला, कोसळला नाही. मग मीटरची टोके खुंटांवरून उचलून खुंटांना आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवली आणि पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी आकडा सहाच्याही खाली उड्या मारू लागला. खुंट आणि क्लॅम्प यांच्यात अंतर केवढे, कागदाच्या जाडीचेही नाही. पण व्होल्ट तिथेच गडप होत होते.

क्लॅम्प काढून पाहिला. आतून पांढरी-हिरवट भुकटी. शिसे, तांबे आणि आम्ल यांच्यापासून ती तयार होते, आणि आमच्याकडची खारी दमट हवा त्यात भर घालते. त्यात क्लॅम्पचा नटही थोडा ढिला होता. पाण्याची टाकी भरलेली, पण नळाच्या तोंडाशी क्षार साचलेले असले की जसे होते तसेच हे. थेंबथेंब पाणी येते, बादली भरत नाही. दिव्याला लागणारी थोडी वीज त्या भुकटीतून जात होती, म्हणून दिवा लख्ख होता. सेल्फने शंभर अँपिअर मागितले की रस्ता बंद. म्हणून आवाज उतरलेल्या बॅटरीसारखा आणि बॅटरी मात्र भरलेली.

पॉलिश पेपरने खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू घासली, चकाकी आल्यावर पुन्हा बसवून नट आवळला. अवघे दहा मिनिटांचे काम. किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. चाचा तोवर थांबले होते. ते मुलाजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रेडिओचा कसूर नव्हता रे." चारचौघांत बोललेली गोष्ट त्यांनी चारचौघांतच मागे घेतली. वयाने मोठ्या माणसाला हे सोपे नसते. आम्ही वेळेत केंद्रावर पोचलो. संध्याकाळी कतारहून फोन आला तो थेट भाच्यासाठी होता. मामू-भाच्यात काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लेखन 'घरच्या घरी सगळे होते, मेकॅनिक उगाच पैसे घेतात' अशा वळणावर जाईल.

त्याच्या पुढच्या रमजानात, पुन्हा डायलिसिसच्या दिवशी, गाडीने एकच 'टक' केला. पुन्हा फिरवली, पुन्हा एकच. या वेळी आतला दिवा जराही मंद झाला नाही. भाच्याने न सांगता मीटर आणला. खुंटांवर १२.६. किल्ली फिरवताना क्लॅम्पवरही साडेबाराच्या जवळ. टर्मिनल स्वच्छ, नट घट्ट, इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर जागेवर. म्हणजे वीज दारापर्यंत पोचत होती आणि दार उघडत नव्हते. दोष सेल्फच्या आत.

त्या दिवशी कोकणातला उतार कामी आला. गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी नेली, किल्ली 'ऑन' ठेवली, क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. तरावीहला येणारी गल्लीतली मुले मागून ढकलायला आली. गाडीने वेग घेतल्यावर क्लच सोडला आणि इंजिन सुरू झाले. बॅटरी भरलेली होती म्हणून हे जमले. आजच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात, बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलूनही उपयोग होत नाही. ऑटोमॅटिक गाडी तर ढकलून सुरू होतच नाही. शिवाय इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून उतार मोकळा आणि सरळ असेल तरच हा मार्ग धरावा.

परतताना वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याला एवढेच सांगितले, "एकच टक होतो, दिवा मंद होत नाही, किल्ली मारताना क्लॅम्पवर साडेबारा मिळतात." तो म्हणाला, "मग सेल्फ खोलावा लागेल." आमच्या नात्यातल्या एकाने फोनवर लगेच बजावले, "बायका पाहून फसवतोय, दुसरीकडे दाखवा." पण या वेळी आम्ही आधी मोजलेले होते. ज्या मीटरने मुलाला निर्दोष ठरवले होते त्याच मीटरने या माणसाचे म्हणणे बरोबर ठरवले. त्याने आमच्यासमोर सेल्फ खोलला. सोलेनॉइडमधले तांब्याचे भाग जळून काळे पडले होते आणि मोटरचे कार्बन झिजत आले होते. तेवढे बदलले, अख्खा सेल्फ बदलावा लागला नाही. त्याची मजुरी आम्ही घासाघीस न करता दिली. तो रोजेदार होता, इफ्तारला अर्धा तास उरला असताना हात काळे करून काम पुरे केले. बदगुमानी फक्त घरातल्या मुलाविषयी वाईट आणि गॅरेजवाल्याविषयी शहाणपणाची, असे थोडेच आहे!

आता कामाचा क्रम एकत्र सांगतो, म्हणजे गरजेला सापडेल.

गाडीने 'टक' केला की आधी गिअर न्यूट्रलला आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे याची खात्री करावी. एसी, पंखा, मोठे दिवे, रेडिओ बंद करावेत. आतला दिवा लावून किल्ली फिरवावी आणि आवाज व दिवा या दोघांकडे लक्ष द्यावे. आवाजांची माळ आणि दिवा मंद, तर बॅटरी किंवा टर्मिनल. एकच आवाज आणि दिवा लख्ख, तर बहुधा सेल्फ. मग मीटर लावावा. मीटर नसेल तर क्लॅम्प हाताने हलवून पाहावा. हाताने फिरत असेल तर तो ढिला आहे, इतके साधे. किल्ली सारखी फिरवत राहू नये. त्याने उरलेली बॅटरी उतरते आणि सेल्फ तापतो. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि दोन प्रयत्नांत थोडी विश्रांती द्यावी.

टर्मिनल काढण्यापूर्वी एक गोष्ट भगिनींनी नक्की करावी. हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी उतरवून ठेवावी. सोन्यातून वीज उत्तम वाहते. बांगडी एकाच वेळी अधिक खुंटाला आणि लोखंडी बॉडीला टेकली तर ती क्षणात लाल होते आणि मनगट भाजते. ओढणी मागे बांधावी, इंजिन चालू असताना पंख्यात आणि पट्ट्यात ओढणी अडकण्याचा धोका मोठा आहे. मग इंजिन बंद ठेवून, बहुधा दहा नंबरचा पाना लागतो, त्याने आधी उणे म्हणजे काळी वायर काढावी, नंतर लाल. बसवताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. काळी काढलेली असली की लाल नट सोडवताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. भुकटी जास्त असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दातब्रशने धुवावे, हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर पुसून, कोरडे करून, घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. भुकटी हाताला लागली तर लगेच धुवावी, डोळे चोळू नयेत.

दुसऱ्या गाडीच्या मदतीने सुरू करायची असेल तर जंपर केबलचा क्रम पाळावा. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक खुंटाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या अधिक खुंटाला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे खुंटाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, आणि शेवटचे टोक लावताना ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडू नये यासाठी हा क्रम आहे. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर मीटर लावला तर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा यायला हवा. तो १२ च्या घरातच राहिला तर चार्जिंग करणारा अल्टरनेटर काम करत नाही, आणि नवी बॅटरी घालूनही तीही उतरणारच.

एका प्रसंगी मात्र किल्ली फिरवायचीच नाही. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या इंजिनमध्ये पाणी गेलेले असू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सेल्फ 'टक' करून अडतो, आणि जोर लावला तर इंजिनचे आतले भाग वाकतात. अशी गाडी उचलून गॅरेजलाच न्यावी.

शेवटी दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांविषयी. घरधनी सुट्टीवर येणार म्हणून वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, लॉक थोडी थोडी वीज घेतच असतात. बॅटरी फार काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली तर ती पुन्हा पूर्ण भरत नाही. रोज पाच मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवण्याने फारसे भरून निघत नाही. सुरू करायला गेलेली वीज परत यायलाही वेळ लागतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी. महिनाभर हलणारच नसेल तर काळी वायर काढून ठेवावी. बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते, उष्ण हवेत त्याहून कमी. ज्या बॅटरीत पाणी घालावे लागते तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे किंवा नळाचे नाही. घेतल्याची तारीख बॅटरीवर लिहून ठेवावी.

डिकीत एक मीटर, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा, व्हॅसलिनची डबी आणि टॉर्च ठेवावा. एवढ्या सामानाला जागा फार लागत नाही. तवक्कुलचा अर्थ तजवीज सोडून देणे असा कधीच नव्हता. आणि घरात गाडीजवळ रेंगाळणारे एखादे मूल असेल, तर त्याला हाकलू नये. त्याच्या हाती मीटर द्यावा, आकडा वाचायला सांगावा आणि तो आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने बोलू द्यावा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरातल्या आजारी माणसांना शिफा देवो आणि आपली जबान घाईच्या निकालापासून सांभाळो. आमीन.